घर, गहाण आणि खलनायक

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे जमाखर्चाच्या वहीचीही पूजा होते. नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढायचे, 'शुभ-लाभ' लिहायचे, वर एखादे झेंडूचे फूल वाहायचे. या प्रथेची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. कारण आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत वही म्हटली की ती सावकाराची, आणि ती उघडली की कोणाचे तरी घर बुडालेच! ऐन सणात ही गहाणखते आणि जप्तीच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात बसून आपण फराळ करतो त्या घराविषयी चार शब्द बोलायला सणाइतका चांगला मुहूर्त तरी कोणता? शिवाय आजच्या मध्यमवर्गीय घरांपैकी कित्येकांची मूळ कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत आहेत, हे आपण जाणतोच.

मी इथे ज्या कलाकृतींविषयी लिहिणार आहे त्या सर्वांचे कथासूत्र एका ओळीत मावेल: देणे थकले, घर गेले. परंतु एवढ्याशा सूत्रावर दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी रचता येतात. 'घर कोणी नेले?' ही एक, आणि 'घर गेले कसे?' ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक माणूस असतो. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे नोटीस, तारीख, सही आणि लिलाव यांची एक रीत असते. पहिली गोष्ट आपल्याला रडवते, चिडवते आणि शेवटी एक प्रकारचे समाधानही देऊन जाते. दुसरी तसे समाधान देत नाही, पण ती शहाणे करते. आणि मला असे दिसते की ज्यांनी ज्यांनी कर्जदाराचे घर वाचविण्यासाठी कायदे केले, त्यांनाही पहिल्या गोष्टीकडून दुसरीकडे यावेच लागले. साहित्य आणि कायदा यांची ही वाट बरीचशी एकच आहे.

प्रारंभ घरापासूनच करू. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली होती. जमीन सावकाराकडे जाते आणि शेतकरी शहराची वाट धरतो, ही ती कथा. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १९५३ साली, बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यात जमीनदार आहे, त्याचा मुनीम आहे आणि मुनिमाची वही आहे. शंभूच्या हिशेबाने देणे ६५ रुपये. वहीच्या हिशेबाने २३५. कोर्ट वहीवर विश्वास ठेवते आणि शंभूला तीन महिन्यांची मुदत देते. रक्कम भरली नाही तर जमिनीचा लिलाव.

आता गंमत पाहा. हा चित्रपट पाहिलेल्या माणसाला जमीनदाराचे नाव विचारले तर बहुधा आठवणार नाही. आठवतो तो कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा बलराज सहानी. जास्त पैशांच्या आशेने तो ऊर फुटेस्तोवर पळतो, रिक्षा उलटते, तो जखमी होतो. ती रिक्षा कशामागे धावत असते? मला विचाराल तर ती कॅलेंडरावरच्या एका तारखेमागे धावत असते. जमीनदार पडद्यावर नसतानाही ती तारीख प्रत्येक प्रसंगात हजर असते. 'दो बिघा जमीन' आपल्या अनेक सावकारपटांहून मोठा झाला तो या तारखेमुळे, असे माझे मत आहे. बिमल रॉय यांनी कथेला एक दुष्ट माणूस दिला खरा, पण चित्रपटाची गती त्यांनी मुदतीच्या हाती सोपविली.

मुदत हा शब्द इथे सहज आलेला नाही. गहाणाच्या कायद्याचा जीवच मुदतीत आहे. आपली भाषा यात मोठी समंजस आहे. आपण म्हणतो, 'घर गहाण पडले', आणि पुढे म्हणतो, 'घर गहाणातून सोडविले'. पडणे आणि सोडविणे ही क्रियापदे संकटात सापडलेल्या माणसाची आहेत. जणू घर कुठेतरी अडकले आहे आणि धनी त्याला आणायला येणार आहे. इंग्लंडात सतराव्या शतकात तिथल्या चॅन्सरी न्यायालयांनी जवळपास हेच तत्त्व मान्य केले. ठरलेली तारीख उलटली म्हणून घर तडकाफडकी सावकाराचे होत नाही. उशिरा का होईना, पैसे घेऊन आलेल्या धन्याला ते सोडविता आले पाहिजे. पण मग सावकाराने किती काळ वाट पाहायची? म्हणून त्याला दुसरा उपाय मिळाला. तो न्यायालयाकडे जाऊन म्हणू शकतो, 'आता पुरे, या माणसाचा सोडविण्याचा हक्कच बंद करा.' यालाच इंग्रजीत 'फोरक्लोजर' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच बाहेर ठेवून दार लावून घेणे असा आहे. आपल्या १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमात गहाण सोडविण्याचा हाच हक्क आहे. तेव्हा घर वाचविण्याचे जेवढे म्हणून कायदे जगात झाले, त्यांचा सारा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: दार लावण्याआधी किती वेळ थांबायचे, आणि ते कोणासमक्ष लावायचे?

हा वाद सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेत, आणि घर जाण्याच्या सर्वांत लोकप्रिय गोष्टीही तिथल्याच. त्यांतली सर्वांची लाडकी म्हणजे फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६). हा नाताळचा चित्रपट आहे. तिकडे तो दर नाताळात घरोघर पाहतात, जसे आपल्याकडे पहिल्या आंघोळीला कारीट फोडतात. बेडफर्ड फॉल्स नावाच्या गावात बेली कुटुंबाची एक छोटी 'बिल्डिंग अँड लोन' संस्था आहे. लोकांनी ठेवी ठेवायच्या आणि त्यांतून लोकांनाच घरासाठी कर्ज मिळायचे. आपल्या पतपेढीसारखी, असे समजा. गावात पॉटर नावाचा एक धनाढ्य म्हातारा आहे. घरे भाड्याने देऊन त्याने सारे गाव मुठीत ठेवले आहे. प्रारंभीच्या एका प्रसंगात बेलीचा बाप पॉटरकडे ५,००० डॉलरसाठी तीस दिवसांची मुदत मागतो. पॉटर म्हणतो, थकलेल्यांची घरे जप्त का करीत नाहीस? बाप सांगतो, दिवस वाईट आहेत, या लोकांना मुले आहेत. त्यावर पॉटर जे उत्तर देतो त्याचा आशय असा की ती मुले काही माझी नव्हेत. एवढ्या एका वाक्याने काप्राने खलनायक उभा केला. लायनेल बॅरिमोरचा तो चेहरा विसरू म्हटले तरी विसरत नाही.

या चित्रपटात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ठेवी काढायला गर्दी उसळते तो प्रसंग. घाबरलेले लोक आपले पैसे मागत आहेत आणि जॉर्ज बेली त्यांना समजावतो आहे की पैसे तिजोरीत नाहीतच. ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत, तुझे त्याच्या घरात आणि त्याचे तुझ्या घरात. मग तो मधुचंद्रासाठी ठेवलेले स्वतःचे २,००० डॉलर वाटतो आणि दिवस संपतो तेव्हा शिल्लक राहतात दोन डॉलर. अर्थशास्त्राचा असा सोपा आणि असा हृद्य धडा मला दुसऱ्या चित्रपटात आढळलेला नाही. बेली पार्कमध्ये मार्टिनी कुटुंब स्वतःच्या घरात राहायला जाते, तेव्हा त्यांच्या हातावर पाव, मीठ आणि वाइन ठेवतात. आपल्या वास्तुशांतीच्याच जातीचा तो प्रसंग आहे. गरिबाला परवडणारे घर म्हणजे काय, हे तिथे एका चौकटीत दिसते.

असे असूनही या चित्रपटाशी माझे भांडण आहे, आणि ते शेवटाशी आहे. संस्थेचे ८,००० डॉलर पॉटरच्या हाती लागतात, जॉर्ज जीव द्यायला निघतो, एक देवदूत त्याला वाचवितो आणि अखेरीस सारे गाव आपापली पुंजी आणून त्याच्या टेबलावर ओतते. डोळे भरून येतात, माझेही येतात. पण पैसे दडपणाऱ्या पॉटरचे काय होते? काही नाही. आणि पुढच्या वर्षी पैसे पुन्हा हरवले तर? काप्राने आपल्याला सांगितले की चांगला सावकार असला आणि चांगले शेजारी असले की घर वाचते. माणसाच्या चांगुलपणावर माझा विश्वास आहे. मात्र घराचा पाया त्यावर घालावा का, याची शंका वाटते.

ही शंका मला कोर्टाच्या एका निकालाने आली. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात ब्लेझडेल नावाचे जोडपे राहत होते. चौदा खोल्यांचे घर. तीन खोल्यांत ते स्वतः राहत आणि बाकीच्या भाड्याने देत. महामंदीत त्यांचे कर्ज थकले आणि मे १९३२ मध्ये घराचा लिलाव झाला. लिलावानंतर घर सोडवून घेण्यासाठी कायद्याने एक वर्ष मिळे. ते वर्ष संपायला दोन आठवडे उरले असता, १८ एप्रिल १९३३ रोजी, राज्याने नवा कायदा केला: आणीबाणीच्या काळात न्यायालयाने ही मुदत वाढवावी, फार तर १ मे १९३५ पर्यंत. कर्ज माफ झाले नाही. ब्लेझडेल दांपत्याने दरमहा ४० डॉलर भरावेत, असा हुकूम झाला. कर्ज देणारी संस्था याविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ जानेवारी १९३४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने मुदतवाढीचा कायदा उचलून धरला.

आता त्या संस्थेचे नाव ऐका: 'होम बिल्डिंग अँड लोन असोसिएशन'. म्हणजे जॉर्ज बेलीची जी संस्था, तिच्याच जातकुळीची! घर घ्यायला निघालेला पक्ष पॉटर नव्हता. तो बेली होता. तोही दुष्ट होता असे मानायचे कारण नाही. त्याच्यामागे ठेवीदार होते, आणि त्यांचे पैसे त्या चौदा खोल्यांच्या भिंतींत अडकले होते. चित्रपटातल्या त्या सुंदर प्रसंगाची ही दुसरी बाजू काप्राने दाखविली नाही. चांगल्या सावकारालाही कधी ना कधी दार लावावेसे वाटते. म्हणून ते केव्हा आणि कसे लावायचे हे त्याच्या मर्जीवर न सोडता कायद्याने ठरवावे लागते.

काप्राच्या सात वर्षे आधी, १९३९ साली, जॉन स्टाइनबेकने 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीत खलनायकाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला होता. ओक्लाहोमातल्या या शेतकऱ्यांची जमीन कर्जापायी आधीच बँकेची झाली आहे आणि ते तिच्यावर वाटेकरी म्हणून राबताहेत. आता त्यांना हुसकून लावायला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा गावातलाच, ओळखीचा. दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून हे काम करतो. शेतकरी बंदूक घेऊन उभा आहे, पण गोळी कोणावर झाडायची हेच त्याला कळत नाही. पोराला हुकूम बँकेचा, बँकेच्या अध्यक्षाला हुकूम पूर्वेकडून. दोरीचे टोक काही हाती लागत नाही. बँक हा एक राक्षस आहे, माणसांनी निर्माण केलेला पण माणसांना न आवरणारा, असे स्टाइनबेक सुचवितो. हा कादंबरीचा पाचवा अध्याय मला तिच्या नंतरच्या कित्येक अध्यायांहून अधिक बलवान वाटतो. 'कोणी नेले?' हा प्रश्न तिथे प्रथमच निरुत्तर होतो.

पण निरुत्तर झालेला माणूस काय करतो, हेही पाहायला हवे. २७ एप्रिल १९३३ रोजी आयोवा राज्यातल्या लमार्स गावी शेतकऱ्यांच्या जमावाने एका न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर काढले आणि त्याच्या गळ्यात दोर अडकविला. जप्तीच्या हुकुमांवर सही करणार नाही, असे वचन त्यांना हवे होते. न्यायाधीश वाचला, राज्यपालांना त्या भागात लष्करी अंमल पुकारावा लागला. त्याच काळात दुसरे शेतकरी अधिक चतुर निघाले. शेजाऱ्याच्या लिलावाला सारे एकत्र जात, दोन-चार पेनींची बोली करीत, परक्याला बोली करू देत नसत आणि घेतलेले सामान मूळ धन्याला परत करीत. पहिल्या जमावाला चेहरा हवा होता. दुसऱ्याने लिलावाची रीतच उलटी फिरविली.

इथे मला आपल्या सुप्याची आठवण होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. इतिहासकारांनी एक गोष्ट आवर्जून नोंदविली आहे: माणसांना मारण्यापेक्षा जमावाचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या हिसकायच्या आणि जाळायच्या. निरक्षर शेतकऱ्याला बरोबर समजले होते की आपले शेत त्या कागदात आहे. त्यातून १८७९ सालचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावर जो आकडा आहे तो निमूटपणे न मानता मूळ व्यवहार काय झाला हे न्यायालयाने खणून पाहावे, असे त्या कायद्याने सांगितले. शंभूच्या कोर्टाने हे केले असते तर ६५ चे २३५ कसे झाले हे मुनिमाला सांगावे लागले असते. अर्थात मग चित्रपट झाला नसता!

कागदाची ही कथा आपल्या काळापर्यंत येते. २००८ च्या सुमारास अमेरिकेत घरकर्जांचा डोलारा कोसळला आणि लाखो घरांवर जप्तीच्या नोटिसा लागल्या. रमिन बहरानी या दिग्दर्शकाचा '९९ होम्स' (२०१४) हा चित्रपट त्या दिवसांतला आहे. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात डेनिस नॅश हा बांधकामावरचा कामगार आई आणि मुलासह राहतो. न्यायालयात त्याचे प्रकरण चुटकीसरशी निकालात निघते. लगेच शेरीफचे लोक दारात येतात: दोन मिनिटांत गरजेच्या वस्तू घ्या, बाहेर व्हा. आई काय घ्यावे हे न समजून घरभर फिरते. सामान अंगणात येऊन पडते आणि शेजारी पाहत राहतात. हा प्रसंग बहरानीने जवळजवळ पंचनामा लिहावा तसा चित्रित केला आहे; ना संगीताचा गहिवर, ना कोणाचे भाषण. म्हणूनच तो पाहवत नाही.

घर रिकामे करून घेणारा दलाल रिक कार्व्हर याला मायकेल शॅननने असा रंगविला आहे की तो खलनायक आहे की नुसता हुशार कारकून, हे ठरविता येत नाही. पुढे नॅश त्याच्याच हाताखाली कामाला लागतो, दुसऱ्यांची दारे ठोठावतो आणि त्या पैशांतून स्वतःचे घर परत मिळवितो. घर मिळते तेव्हा पैसा कसा आला हे आईला कळलेले असते, आणि ती निघून जाते. शेवटाकडे बहरानीही नायकाच्या पश्चात्तापाचा सोपा मार्ग धरतो, हे मान्य केले पाहिजे. पण चित्रपटाचा कणा आहे तो शंभर घरांचा एक ठोक सौदा, आणि त्यासाठी न्यायालयात सरकविलेला एक बनावट कागद.

हा कागद दिग्दर्शकाच्या कल्पनेतून आलेला नव्हता. २०१० साली उघडकीस आले की कर्जवसुली करणाऱ्या कंपन्यांतली माणसे जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर न वाचताच सह्या ठोकत होती. एकाने तर महिन्याला ८,००० ते १०,००० सह्या केल्याचे सांगितले. स्टाइनबेकच्या शेतकऱ्याला जो सापडत नव्हता तो हाच 'माणूस': टेबलामागे बसलेला, सही करणारा, काहीही न वाचणारा. २०१२ साली ४९ राज्यांनी आणि केंद्र सरकारने पाच मोठ्या बँकांशी २५ अब्ज डॉलरचा समझोता केला. १ जानेवारी २०१३ पासून कॅलिफोर्नियाने घरमालकांच्या हक्कांचा कायदा लागू केला. एका हाताने हप्ता कमी करण्याचा अर्ज तपासायचा आणि दुसऱ्या हाताने लिलाव पुकारायचा, हा दुटप्पीपणा त्याने बंद केला. कर्जदाराला बोलायला एक ठरलेला माणूस द्या, असे बजावले. २०१४ पासून साऱ्या देशात नियम झाला की हप्ते थकून १२० दिवस उलटेपर्यंत सामान्यतः जप्तीचा पहिला कागदही दाखल करू नये.

ठोक सौद्याचे काय, हा प्रश्न उरलाच होता. ओकलंड शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये काही बेघर आयांनी मुलाबाळांसह एका रिकाम्या घरात मुक्काम ठोकला. ते घर एका गुंतवणूक कंपनीने लिलावात घेऊन ठेवले होते. जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढले; पुढे ते घर एका सामुदायिक जमीन-न्यासाने विकत घेतले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की जप्तीच्या घरांचे गाठोडे बांधून लिलाव करू नये, एकेक घर वेगळे विकावे. आणि लिलाव झाल्यावरही भाडेकरू, स्वतः राहणारे कुटुंब, धर्मादाय संस्था यांना बोलीशी बरोबरी करायला किंवा तिच्यावर चढायला ४५ दिवस द्यावेत. पळवाटा शोधणारे तिथेही निघाले, म्हणून २०२२ साली तो कायदा आणखी आवळावा लागला. तरी पाहा, सारे पुन्हा येऊन थांबले ते दिवसांच्या हिशेबावर. शंभूला तीन महिने, ब्लेझडेलला दोन वर्षे, ओकलंडच्या भाडेकरूला पंचेचाळीस दिवस.

या मालिकेत मला सर्वांत थोर वाटते ती आंद्रे ड्यूबस (तिसरा) याची १९९९ सालची कादंबरी 'हाउस ऑफ सँड अँड फॉग'. तिच्यात पॉटर नाही, कार्व्हर नाही. कॅथी नावाच्या एकट्या बाईचे बापाकडून आलेले घर सरकार एका कराच्या थकबाकीपायी लिलावात काढते, आणि तो कर मुळात तिला लागूच नसतो. कचेरीतली चूक! घर विकत घेतो तो इराणातून परागंदा झालेला कर्नल बेहरानी. अंगमेहनतीची कामे करून त्याने पैसे साठविले आहेत, बायकोमुलांना पुन्हा उभे करायचे आहे, आणि त्याने सारे कायदेशीर केले आहे. दोघांचीही बाजू खरी आहे. लेखक आपल्याला आळीपाळीने दोघांच्या मनात राहायला लावतो आणि प्रत्येक वेळी वाटते, घर याचेच. ज्या कारकुनाने चूक केली तो कादंबरीत दिसतही नाही. शेवट भयंकर आहे, आणि तो कोणाच्याही दुष्टाव्यामुळे आलेला नाही. ही कादंबरी वाचून हातात दगड घ्यावासा वाटत नाही. नोटीस नीट वाचावीशी वाटते.

कादंबरीतली ती चूक कल्पनेतली होती. पण कर थकला म्हणून घर आणि घराबरोबर सारी पुंजी जाणे अगदी खरे होते. गंमत अशी की तोही खटला ब्लेझडेल जोडप्याच्याच शहरातून आला. एका वृद्ध बाईचा मिनियापोलिसमधल्या सदनिकेचा सुमारे २,३०० डॉलर कर थकला. दंड-व्याजासह तो सुमारे १५,००० झाला. परगण्याने सदनिका ४०,००० ला विकली आणि वरचे २५,००० डॉलरही ठेवून घेतले! २५ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की देणे वसूल करा, पण वरचा पैसा तिचा आहे. त्या वेळी तिचे वय ९४ होते. आपल्या गल्लीतल्या वाण्यानेही हा हिशेब ऐकून कानावर हात ठेवले असते.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. १९३४ च्या खटल्यात चार न्यायाधीश विरोधात होते. त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते: अडचणीच्या वेळी करार मोडू दिला तर कराराला अर्थ काय राहिला? व्यवहारातही हे खरे आहे. घर परत मिळण्याची खात्री नसेल तर गरिबाला कर्ज देणार कोण? जॉर्ज बेलीच्या तिजोरीत दोनच डॉलर उरले होते, हे आपण विसरू नये. म्हणून जे कायदे सरसकट माफी देतात ते मला धोक्याचे वाटतात. वर सांगितलेल्या सुधारणांत माफी कुठेच नाही. ब्लेझडेल जोडपे दरमहा चाळीस डॉलर भरत होते. या कायद्यांनी मागितले एवढेच: घाई नको, खोटा कागद नको, उत्तर द्यायला माणूस हवा, आणि देण्यापेक्षा जास्त घ्यायचे नाही. प्रामाणिक सावकाराला यातले काय जड जावे?

हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. आपल्याकडे २००२ च्या 'सरफेसी' कायद्याने बँकांना न्यायालयात दावा न लावता घराचा ताबा घेण्याचा अधिकार दिला. साठ दिवसांची नोटीस द्यायची आणि पुढची कारवाई सुरू करायची. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ स्पष्ट केला: या कायद्याखाली कारवाई होते तेव्हा लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की घर सोडविण्याचा हक्क संपला. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत धन्याला धावत जाता येई; आता वर्तमानपत्राच्या त्या बारीक अक्षरांतल्या जाहिरातीपाशीच दार लागते. बुडव्या बड्या कर्जदारांना आळा घालण्यासाठी हे हवे होते, असे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच चाळणीतून दोन खोल्यांचे घर घेतलेला कारकूनही जातो. त्याच्यासाठी चाळणी वेगळी असावी की नको, हा प्रश्न वकिलांवर सोडून देण्याइतका लहान नाही.

आणि तो लेखकांवरही आहे. आपल्या गोष्टींतला मिशाळ सावकार आता पुरे झाला. आजची बँक पाणी विचारते, दिवाळीला मिठाईचा डबाही पाठविते. घर जायचे असेल तर ते तिच्या वहीतून, एका छापील नोटिशीतून आणि मोजलेल्या साठ दिवसांतून जाईल. त्या साठ दिवसांत नवरा बायकोला केव्हा सांगतो, मुलीच्या शाळेची फी भरतात की नाही, कोणता दागिना आधी निघतो, कोणत्या नातलगाच्या दारातून माणूस काही न बोलताच परत येतो, आणि बँकेच्या कोणत्या खिडकीवर त्याला कोणी बसायला सांगते, ही कादंबरी मला मराठीत वाचायची आहे. तिच्यात खलनायक नसला तरी चालेल. तारखा मात्र बिनचूक असाव्यात.